रेघ कोणाची? सुतारकाम, वाडा आणि आमचं तत्त्वज्ञान

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघा जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. ‘सर, सुतारकामावर तुम्ही काय बोलणार?’ प्रश्न रास्तच आहे. आम्ही चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्या चौतीस वर्षांत सुतार आमच्या वर्गात दरवर्षी यायचा, पण यायचा तो प्लेटोचं बोट धरून. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटो पलंगाचं उदाहरण घेतो. पलंगाचं खरं रूप एकच, ते देवाने घडवलेलं. सुतार करतो ती त्याची नक्कल. आणि चित्रकार काढतो ती नकलेची नक्कल. आम्ही फळ्यावर तीन पायऱ्या काढायचो आणि मधल्या पायरीवर ‘सुतार’ असं लिहायचो. या सुताराला नेमकं काय येतं, हे एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं.

सुताराविषयी मोठमोठ्या माणसांनी लिहिलंय. त्यांनी त्याच्याकडे कसं पाहिलं आणि पाहताना काय सुटलं, हे आज तपासायचंय. दुसऱ्यावर टीका करताना स्वतःला वगळण्याची सोय असते. ती आम्ही घेणार नाही, कारण यातली सर्वांत महागडी चूक आमच्याच घरी झाली.

आमचं घर जुन्या नाशकात, रविवार कारंज्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. वाडा म्हटला की लोकांना जाड भिंती आठवतात. सराफ बाजारातला सरकारवाडा पाहिलेल्यांना विचारा, आधी भिंतींचं सांगतील. पण अशा घरांचा बराचसा भार लाकडी सांगाड्यावर असतो. खाली दगडी उथळा, त्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट, त्यावर माती. जुनी माणसं घराचं माप खोल्यांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर ‘पाच खणी’ आहे म्हटलं की ऐकणाऱ्याला सांगाडा दिसायचा. आज आपण टू बीएचके म्हणतो. त्यात दिसतात त्या भिंतींनी केलेल्या वाटण्या. घर कशावर उभं आहे ते त्यातून कळत नाही.

आम्ही निवृत्त झालो त्यानंतरच्या सहाव्या पावसाळ्यात माजघराच्या छतातून माती गळायला लागली. तुळईचं एक टोक बाहेरच्या भिंतीत गेलेलं होतं. तिथे बोट घातलं तर भुगा. एका स्थापत्य अभियंत्याला बोलावलं. त्यांनी खालूनच पाहिलं आणि सांगितलं, ‘पाडा.’ एका बिल्डरने तर फ्लॅटचा नकाशाच आणून दिला. मग कोणीतरी पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते आले, शिडी लावली आणि पटाशीच्या मुठीने तुळई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं. वीस मिनिटांनी खाली उतरले आणि म्हणाले, ‘सर, तुळई मेली नाही. तोंड मेलंय.’

तोंड म्हणजे भिंतीतलं टोक. पुढे त्यांनी विचारलं, ‘बाहेरून सिमेंट कधी मारलं?’ आम्ही सांगितलं, पंचवीसेक वर्षं झाली, ओल येऊ नये म्हणून. ते काही बोलले नाहीत. मातीची भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर वाळते. तिला सिमेंटचा गिलावा केला की आत गेलेल्या ओलीला बाहेरची वाट राहत नाही. भिंतीत सर्वांत जास्त पाणी शोषणारं काय असतं? तुळईचं कापलेलं टोक. लाकडाच्या नळ्या तिथेच उघड्या असतात. म्हणजे घर वाचवायला म्हणून आम्ही जे केलं, त्यानेच तुळई कुजली. कार्यकारणभाव हा विषय आम्ही एम. ए.ला शिकवत होतो!

ती तुळई वाचली. छताला खालून धिरे दिले, कुजलेलं टोक साधारण दोन हात कापून काढलं, जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरकस सांध्याने जोडला, बोल्ट घातले आणि भिंतीला लागून उथळ्यावर नवा खांब घेतला. भार भिंतीवरून काढून खांबावर आणला. हे होत असताना आम्ही रोज खुर्ची टाकून बसायचो. आठव्या दिवशी विचारलं, ‘मिस्त्री, आम्हाला शिकवाल का?’ त्यांनी आमच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ‘खाली बसता येतं का?’

आमचे जुने सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पंजाने लाकूड धरून काम करत. आम्हाला ते जमलं नाही, म्हणून एक बुटका बाक केला. पहिले तीन आठवडे फक्त पटाशीला धार लावली. नंतर रंधा. रंधा नसेच्या दिशेने गेला तर लांब सुंदर कुरळी निघते. उलटा गेला की लाकूड ओरबाडलं जातं. फळीची नस कुठे वर येते आणि कुठे बुडते हे कडेला पाहून ओळखायचं. फळीला पीळ आहे का, हे पाहायला दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि डोळा खाली नेऊन दोन्ही पट्ट्या एका ओळीत दिसतात का ते बघायचं. मापं इंचांत आणि सुतांत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘पावणेदोन आणि एक सूत’ असं मिस्त्री म्हणाले की आम्ही मनात अपूर्णांकांची बेरीज करायचो. त्यांची खूण तोवर करून झालेली असायची.

मग आला कुसू. चौकटीचं आडवं लाकूड उभ्याला जोडायचं, तर आडव्याच्या टोकाला कुसू काढायचा आणि उभ्यात खोबण घ्यायची. कुसू साधारण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. जास्त जाड केला तर खोबणीच्या बाजूला लाकूड उरत नाही, कमी केला तर कुसूच तुटतो. आम्ही गुण्या लावून रेघ मारली, करवत बरोबर रेघेवर धरली आणि मोठ्या समाधानाने कापलं. सांधा ढिला. पुन्हा केलं. पुन्हा ढिला. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी विचारलं, ‘सर, रेघ कोणाची?’

आम्हाला प्रश्नच कळला नाही. रेघ कोणाची म्हणजे? रेघ ही रेघ. मग त्यांनी दाखवलं. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते. करवतीच्या पात्याला जाडी असते आणि ते जाताना तेवढं लाकूड खातं. ती खाल्लेली जागा कुठल्या बाजूने जाणार, ठेवायच्या तुकड्यातून की टाकायच्या, हे आधी ठरवायचं. रेघ ठेवायच्या तुकड्याची असेल तर करवत तिच्या बाहेरून चालवायची आणि कापून झाल्यावर रेघ शाबूत दिसली पाहिजे.

श्रोतेहो, युक्लिडची रेघ ही रुंदी नसलेली लांबी आहे. हे आम्हाला शाळेपासून माहीत होतं, आणि नेमकं हेच माहीत असल्यामुळे आमचा सांधा ढिला होत होता. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पहिल्याच भागात म्हटलंय की सुतार आणि भूमितिकार दोघेही काटकोन शोधतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. सुताराला तो कामापुरता हवा असतो. हे वाक्य आम्ही असं शिकवायचो, की बघा, सुताराचं ज्ञान कामचलाऊ आणि भूमितिकाराचं अचूक. आता हे आम्हाला चुकीचं वाटतं. रेघेची जाडी विसरून चालणं भूमितिकाराला परवडतं. सुताराला ती विसरता येत नाही. मग अचूक कोण?

मौज अशी, की ‘जडद्रव्य’ या अर्थी ॲरिस्टॉटलने जो ग्रीक शब्द घेतला, ‘ह्यूले’, त्याचा मूळ अर्थ लाकूड. सारी पाश्चात्य मीमांसा लाकडावर उभी आहे आणि लाकूड वाळताना आक्रसतं हे तिच्या गावी नाही! आपल्याकडे तरी काय वेगळं? न्यायदर्शनात घट आहे, कुंभाराचा दंड आहे, चाक आहे. पट आहे, तंतू आहेत. निमित्तकारण समजावताना कुंभाराला शेकडो वर्षं उभं केलं. ‘माती कशी मळतोस?’ असं त्याला कोणी विचारल्याचं आमच्या वाचनात नाही. गिल्बर्ट राइलने 1949 साली ‘अमुक आहे हे जाणणं’ आणि ‘अमुक कसं करावं हे जाणणं’ यांतला भेद मांडला, तेव्हा तत्त्वज्ञांमध्ये केवढी चर्चा झाली. सुतारांना तो भेद सांगायची गरज नव्हती.

आता दोन पुस्तकांकडे येऊ. आनंद कुमारस्वामींचं ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ 1909 चं आणि त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 चा. सहा वर्षांचं अंतर, आणि सुतार एकच. कुमारस्वामी शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, पुढे कलेचे मोठे मीमांसक. त्यांना गावच्या कारागिरात एक संपूर्ण माणूस दिसतो. त्याला गावात स्थान आहे, पोटाची शाश्वती आहे, बापाकडून आलेली विद्या आहे आणि काम हीच पूजा. आत्रे महसूल खात्यातले. गावोगाव हिंडलेले. त्यांना दिसतो तो बलुतं मागणारा सुतार. खळ्यावर हक्काने उभा राहणारा, काम होवो न होवो वाटा घेणारा, आणि कुणब्याला नांगरासाठी ताटकळत ठेवणारा. वंशपरंपरेच्या हक्कामुळे कसब सुधारायची गरजच उरत नाही, हा त्यांच्या टीकेचा गाभा.

आमचं मत विचाराल तर आत्रे जास्त प्रामाणिक आहेत. कुमारस्वामी ज्याला शाश्वती म्हणतात, ती दुसऱ्या बाजूने पाहिली तर कोंडी आहे. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचं आणि सुताराच्या घरी न जन्मलेल्याने रंध्याला हात लावायचा नाही. मुलींचा तर प्रश्नच नाही. आम्ही मिस्त्रींना विचारलं होतं, मुलाला का नाही शिकवलं? त्यांचा मुलगा अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. ते म्हणाले, ‘तुम्हाला हौस आहे म्हणून तुम्ही शिकता, सर. मला कोणी विचारलं होतं का?’ आम्ही ज्याला वारसा म्हणत होतो तो त्यांनी मुलाच्या खांद्यावरून मुद्दाम उतरवला होता. कुमारस्वामींच्या पुस्तकात हे उत्तर बसायला जागा नाही.

पण आत्र्यांचंही एक खटकतं. ते बलुत्याचा हिशोब मांडतात: किती दिलं, किती मिळालं, कुठे गळती. सुतार गावाला काय देतो याची त्यांच्याकडे यादी आहे. ते करण्यासाठी त्याला काय कळावं लागतं, हा रकाना त्यात नाही. कुमारस्वामींना सुतारात संस्कृती दिसली, आत्र्यांना खर्च दिसला. तुळई ठोकून ऐकणारा कान दोघांच्याही हाती लागला नाही. प्लेटोने तर स्पष्टच म्हटलंय की वस्तू वापरणाऱ्याला तिचं ज्ञान असतं, करणाऱ्याला फक्त योग्य समजूत. वापरणारे आम्ही. सिमेंट लावणारेही आम्हीच.

नई तालीमविषयी थोडक्यात. ऑक्टोबर 1937 ची वर्ध्याची परिषद, मग झाकिर हुसेन समिती. मूलोद्योगांमध्ये सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही होतं. जन्माची कोंडी फोडणारी ही खरी कल्पना. कोणाच्याही मुलाने रंधा धरावा आणि त्यातूनच गणित शिकावं. पण शाळेचा खर्च मुलांच्या हातच्या मालातून निघावा, या आग्रहाने घोळ केला असं आम्हाला वाटतं. शिकणाऱ्याला लाकूड वाया घालवण्याची मुभा लागते. आम्ही घातलेलं वाया लाकूड विकायला काढलं असतं तर बंबातसुद्धा कोणी घेतलं नसतं.

कोंडी फोडण्याचा दुसरा मार्ग आम्ही अमेरिकेत पाहिला. भाचीकडे सिएटलजवळ दोन महिने होतो. शेजारी घर उभं राहत होतं आणि आम्ही रोज सकाळी तिथे हजर. तिथली साधी घरं लाकडाचीच, पण खांब-तुळईची नव्हेत. पातळ उभ्या पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर, खाली-वर आडव्या पट्ट्या, सगळं खिळ्यांनी ठोकलेलं. चार माणसं जमिनीवर अख्खी भिंत जुळवतात आणि उचलून उभी करतात. या रीतीचं मूळ 1830 च्या दशकातल्या शिकागोत. गिरणीत कापलेलं एकसारखं लाकूड आणि यंत्रावर केलेले स्वस्त खिळे मिळू लागले, आणि कुसू कापणाऱ्या उस्तादाची गरज संपली. भाचीचा नवरा संगणकवाला, पण त्याने घरामागची खोली स्वतः बांधली. आम्हाला हेवा वाटला, खोटं कशाला बोला. ‘टू बाय फोर’ म्हणतात ती पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, हे कळल्यावर बरंही वाटलं. तिथेही शब्द आणि वस्तू यांचं जमत नाही.

ते ज्ञान माणसाच्या हातातून काढून लाकडाच्या ठरीव मापात नेऊन ठेवलेलं आहे. त्यामुळे ते सर्वांना खुलं झालं, आणि ही छोटी गोष्ट नाही. पण त्या रीतीने आमच्या माजघराची तुळई दुरुस्त होत नाही. इथे प्रत्येक तुळईला वेगळा पीळ, वेगळी गाठ. जी घरं आधीच उभी आहेत त्यांना ती वाचू शकणारा माणूस लागतो.

हे हौशी लोकांचं हळहळणं नव्हे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. किल्लारीत हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगडामातीच्या जाड भिंतींखाली. पण पाहणी करणाऱ्यांना असंही दिसलं, की जिथे माळवदाचा भार खणांच्या लाकडी सांगाड्यावर होता आणि सांगाडा धड होता, अशा काही घरांत भिंती बाहेर ढासळल्या तरी खांब-तुळया उभ्या राहिल्या. लोकांनी मात्र त्यातून घेतलं ते एवढंच, की जुनं घर म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीव. घाबरलेल्या माणसाला दोष देता येत नाही. पण दगडाची चूक आणि लाकडाचं काम वेगळं करून सांगणारं तेव्हा गावात कोण होतं?

आपल्या नाशकात दर पावसाळ्यात वाडे पडतात. महापालिका नोटिसा देते, पेपरात फोटो येतो, कधी त्यात माणसं दगावतात. मालक आणि भाडेकरू यांची भांडणं जुनी आहेत. 1947 च्या कायद्याने गोठलेल्या भाड्यात कोणी दुरुस्ती करेना, हे सगळं खरं. पण पडलेले दोन-तीन वाडे आम्ही मिस्त्रींबरोबर जाऊन पाहिले. एका ठिकाणी तळमजल्यावर दुकान रुंद करायला मधला खांब काढलेला होता, आणि वरची तुळई दुप्पट अंतर पेलत होती. दुसरीकडे खांबाचा उथळा फरशीखाली गाडलेला होता. उथळा असतो तो खांबाचा पाय कोरडा राहावा म्हणून. फरशी छान दिसावी म्हणून पाय ओलीत गेला. पडायच्या कितीतरी वर्षं आधी हे दिसत होतं. रोज लोक त्या खांबाला टेकून चहा पीत होते.

म्हणून ‘सुतारकाम शिका’ असं आम्ही म्हणतो तेव्हा टेबल करायला शिका असं म्हणत नाही. आज शहरात सुतारकाम म्हणजे प्लायवूड, सनमायका आणि फेव्हिकॉल. ते करणारे बरेच कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेले, आणि त्यांच्या कामात सफाई आहे. त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे, तोही चांगला. उणीव आहे ती एवढीच, की उभ्या घराचा सांगाडा वाचणं ही विद्या कोणाचीच उरली नाही. ज्यांची होती ते जन्माने तिच्यात अडकले होते आणि सुटका होताच निघून गेले, योग्यच केलं. ज्यांना जन्माने बंदी होती त्यांना दार उघडलं, तेव्हा आत शिकवणारं कोणी नव्हतं. आणि आमच्यासारखे, जे वाड्यांत राहिले, त्यांनी हे ज्ञान आहे असंच कधी मानलं नाही. आमच्या विद्यापीठात शिल्लक जागेवर माणूस नेमायची वेळ आली असती तर मिस्त्रींना आम्ही अर्जसुद्धा करू दिला नसता. पात्रता नाही म्हणालो असतो.

आम्ही आठ वर्षं शिकतोय. कुसू आता बसतो, दहातले सात. तिरकस सांधा अजून मिस्त्रींना दाखवल्याशिवाय ठोकत नाही. ठोकून ऐकणं मात्र जमत नाही. कानाने साथ सोडली आहे, हे घरच्यांचं मत. गेल्या वर्षीपासून दर रविवारी सकाळी माजघरात पाच जण येतात. दोन वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनी, एक निवृत्त पोस्टमन, एक रिक्षावाला आणि आमची नात. शिकवतात मिस्त्री, आम्ही चहा करतो आणि सुतांची बेरीज तपासतो. पोस्टमनसाहेबांचा हात आमच्यापेक्षा चांगला आहे.

वेळ झाली, असं संयोजक खुणावताहेत. प्रश्न घेऊ. प्लेटोबद्दल असतील ते आम्हाला विचारा. तुळई, वाळवी, गिलावा याबद्दल असतील तर मिस्त्री तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांच्याकडे माइक द्या.